डिकीवरचा पंख

डिकीवर भला मोठा पंख लावलेली छोटी गाडी दिसली की वडीलधारी माणसं विचारतात, "हे कशाला?" पोरं सांगतात, "गाडी उडू नये म्हणून." उत्तर तसं चूक नाही. टपावरून सरकणारी हवा धावत्या गाडीचा मागचा भाग किंचित उचलते. पंख तीच हवा वर वळवतो, स्वतः खाली दाबला जातो आणि चाकं रस्ता धरून राहतात.

घोडं अडतं ते वेगापाशी. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 160 ला जो मिळेल त्याचा सोळावा हिस्सा ताशी 40 ला. आणि संध्याकाळी हिंजवडीच्या रस्त्याला चाळीसचा वेग मिळाला तर पेढे वाटावेत! शिवाय आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिन ओढतं पुढच्या चाकांवर, आणि हे दाबणार मागची.

बाजारातला फायबरचा पंख बोटानं वाजवून बघा, पोकळ वाजतो. बरेचसे डबल टेपवर तगलेले असतात. भोकं पाडून बोल्ट मारले आणि सील नीट बसलं नाही, तर पावसाळ्यात डिकीत पाणी. टपरीवर उभं राहून कटिंगचे ग्लास ठेवायला मात्र उंची झकास.

म्हणून सगळेच पंख दिखाऊ म्हणावेत, तर ऑडी टीटी आडवी येते. 1998 मध्ये आली तेव्हा पाठ गुळगुळीत, वर काही म्हणजे काही नाही. जर्मनीत ऑटोबानवर भरधाव असताना ती मागून सुटायला लागली, माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, घसरती गाडी आपोआप सावरणारं ईएसपी दिलं आणि डिकीच्या कडेला एक छोटीशी पट्टी बसवली. इतकी छोटी, की कुणी वळूनही बघणार नाही.

उलट लॅम्बोर्गिनी काउंटाशचा तो प्रसिद्ध पंख. पोस्टरवर तो हवाच! पण हवेला अडवून त्यानं गाडीचा कमाल वेग ताशी पंधराएक किलोमीटरनं कमीच केला. तरी गिऱ्हाइकं जास्तीचे पैसे मोजून तो लावून घेत. तीनशेच्या आसपास पळणाऱ्या गाडीचे मालक रुबाबासाठी एवढं सोडत असतील, तर आमच्या सोसायटीतल्या पोराच्या अल्टोला मी कोण नावं ठेवणार?

फक्त तो पोपटी रंग तेवढा नको होता.