केईएमची शंभरी
आज सासूबाईंना मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलं होतं. केसपेपरची रांग ही लांबच लांब. आमच्या पुढे गावाकडून आलेले एक आजोबा, एक्स-रे आणि जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेले. एक सिस्टर जाता जाता थांबल्या. "बाबा, तुम्ही बाकावर बसा, नंबर आला की हाक मारते." आणि आठवणीनं मारलीसुद्धा!

हे हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं, म्हणजे शंभर वर्षं झाली. जोडीच्या मेडिकल कॉलेजसाठी सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा दिला तो एका अटीवर: शिकवणारे सगळे भारतीय हवेत, आणि तेही सरकारी नोकरीबाहेरचे. इंग्रजांच्या राज्यात ही अट घालायला केवढी हिंमत लागली असेल! पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

भोवती सगळं गिरणगाव. गिरण्या गेल्या, टॉवर आले, पण महापालिकेच्या या दवाखान्याची गर्दी तशीच आहे.

मला मात्र सगळ्यात मोठा वाटतो तो इथल्या परिचारिकांचा इतिहास. १९७३ मध्ये हल्ला होऊन कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांना या परिचारिकांनी २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षं, घरच्या माणसासारखं सांभाळलं. नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलींनीसुद्धा.

तुमच्या घरात कुणाचा जन्म केईएममधला आहे? कुणी तिथं नोकरी केली आहे? कमेंटमध्ये जरूर लिहा, मला वाचायचं आहे.