शेवग्याच्या पावडरीचा रिपोर्ट तीनदा परत आला

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या बचतगटाला शेवग्याच्या पाल्याची पावडर हेल्थ सप्लिमेंट म्हणून ऑनलाइन विकायची होती. एफएसएसएआय म्हणजे देशाची अन्नसुरक्षा संस्था, तिचा १४ आकडी परवाना हातात आला, तेव्हा वाटलं, मार्गी लागलं. पण विक्रीच्या साइटने लॅबचा रिपोर्ट मागितला आणि चार महिने त्यातच गेले.

पहिला रिपोर्ट परत आला, कारण त्यावर बॅच नंबर नव्हता. पाकिटावर जे नाव आणि जो नंबर, तोच रिपोर्टवर हवा. नमुना देतानाच फॉर्मवर लिहून द्यायचा. दुसऱ्या वेळी मात्र मी हबकले. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता त्या लॅबला होती, पण ती मान्यता एकेका चाचणीपुरती असते. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांची तपासणी त्या लॅबच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, बसत नव्हती. पैसे भरण्याआधी स्कोप विचारा, एवढं मी सगळ्यांना सांगते.

तिसऱ्या रिपोर्टमध्ये यीस्ट आणि बुरशी मर्यादेबाहेर. ही चूक आमचीच. पाला ऐन आषाढात पडवीत साड्यांवर पसरून वाळवलेला. दळताना धाकटी जाऊ म्हणाली होती, "वयनी, पावडर बोटाक चिकटता हां." म्हणजे पाल्यात ओल राहिली होती, पण मला घाई होती, मी तसंच दळायला लावलं. कोणाची तरी आजी, कोणी बाळंतीण हे दुधात घालून पिणार, हा विचार तेव्हा डोक्यात यायला हवा होता. ती अख्खी बॅच आम्ही माडांच्या आळ्यात पुरली.

आता पाला सोलर ड्रायरमध्ये वाळतो. देठ वाकवला की कट्‌कन मोडायला हवा. शिवाय ताटभर पाला दोन-दोन तासांनी तोलतो. वजन उतरायचं थांबलं की मगच दळण. हायवेलगतच्या झाडांचा पाला घेत नाही, रस्त्याच्या धुळीबरोबर शिसं येऊ शकतं. दळलेलं लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

लेबलवरचं 'मधुमेहावर गुणकारी' काढावं लागलं. त्याऐवजी 'औषधी वापरासाठी नाही' आणि रोज किती घ्यायचं, हे छापलं.

चौथा रिपोर्ट मंजूर झाला. पावसाळ्यात आम्ही पावडर करतच नाही; मृग लागायच्या आत शेवटचा डबा भरून ठेवतो.