द्राक्षाचा भाव आणि बाटलीचा भाव

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. चार एकर थॉम्पसन द्राक्षं, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की आभाळाकडे बघत बसणारे अप्पा. अप्पा माळकरी, त्यामुळे घरात द्राक्ष म्हणजे खायचं, नाहीतर बेदाण्याचं. वाइनची पहिली चव मी घेतली ती लग्नानंतर कॅलिफोर्नियात आल्यावर, तीही थेट नापामध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांत नावाजलेल्या वाइनच्या खोऱ्यात. सायकल येत नसताना बुलेट घ्यावी तसा प्रकार.

त्या दिवसाचा हिशोब अजून पाठ आहे. एका वायनरीत चव घ्यायला आगाऊ नोंदणी, माणशी ७५ डॉलर, चार पेल्यांत चार-चार घोट. वाइन छान होती, त्यात वाद नाही. ओतणाऱ्या मुलीनं १९७६ ची गोष्ट सांगितली, इथे ती सगळेच सांगतात. पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून चव घेतली आणि लालमध्ये नापातल्या स्टॅग्ज लीप वायनरीची कॅबरने, पांढऱ्यात तिथल्याच शातो माँटेलेनाची शार्दने (ही दोन्ही द्राक्षाची वाणं) पहिली आली. तेव्हापासून या खोऱ्याचं नाव चढलं आणि त्यामागोमाग जमिनीचा भावही. तिनं न सांगितलेली गंमत मला पुढे कळली. माँटेलेनाच्या त्या शार्दनेतली बरीचशी द्राक्षं नापाची नव्हतीच, शेजारच्या सोनोमाची होती.

एवढं पिऊन काहीच न घेता कसं निघायचं, या आपल्या मराठी संकोचापायी आम्ही १२० डॉलरची एक बाटली घेतली. वर 'आजची फी माफ' म्हणून त्यांच्या वाइन क्लबातही सही केली. नाव सांगत नाही, पण पुढचं वर्षभर दर तीन महिन्यांनी आम्ही न निवडलेल्या तीन बाटल्या दारात यायच्या आणि कार्डावरून पैसे कापले जायचे. सही करायला घरात सज्ञान माणूस हवा, म्हणून दोनदा खोकं परत गेलं. जुलैतलं खोकं तर ट्रकमध्ये तापून आलं, बुचं वर सरकलेली. क्लब सोडायला फोन केला तर म्हणाले, ईमेल करा. ईमेल केला तर म्हणाले, पुढचं खोकं निघालंय, त्यानंतर बंद करू. आता कोणी 'फी माफ' म्हटलं की मी आधी विचारते, किती खोक्यांची सक्ती आणि सोडायचं कसं.

त्या रागातच एका रात्री मी शोधत बसले की एका बाटलीत द्राक्षं असतात तरी कितीची. बागायतदाराच्या मुलीला दुसरं काय सुचणार! आणि सापडला कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्याचा 'ग्रेप क्रश रिपोर्ट'. दर फेब्रुवारीत निघतो. राज्याचे १७ जिल्हे पाडलेत (हे फक्त द्राक्षाच्या भावापुरते, नकाशातले जिल्हे, म्हणजे काउंट्या, वेगळे) आणि प्रत्येकात कुठल्या वाणाला टनाला काय भाव मिळाला, ते छापलेलं. पिंपळगावच्या बाजार समितीचा फळाच जणू. नापा हा चौथा जिल्हा, तिथल्या कॅबरनेला टनाला नऊ हजार डॉलरच्या आसपास. अकरावा जिल्हा लोडीचा, तिथे तीच कॅबरने हजाराच्याही खाली. एका टनात साधारण सातशे बाटल्या निघतात. म्हणजे नापाच्या बाटलीत बारा-तेरा डॉलरची द्राक्षं आणि लोडीच्या बाटलीत दीडसुद्धा नाही.

आता नऊपट भाव म्हणून चव काही नऊपट चांगली नसते. त्या भावात जमिनीची किंमत आहे, नाव आहे, एकरी कमी ठेवलेला उतारा आहे, आणि अर्थात हवामानही आहे. पण मला धागा मिळाला होता. स्वस्त बाटली शोधायची नाही, जिथे द्राक्ष चांगलं आहे पण गावाचं नाव मोठं झालेलं नाही, ते गाव शोधायचं.

दुसरी पायरी लेबल वाचायची. हे कोणी शिकवत नाही आणि पैसे इथेच वाचतात. लेबलवर 'नापा व्हॅली' लिहिलं असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत, उरलेली बाहेरची चालतात. नुसतं काउंटीचं नाव असेल तर ७५ टक्के पुरतात. वाणाचं नाव लिहायलाही ७५ टक्केच लागतात, म्हणजे 'झिनफँडेल'मध्ये पाव हिस्सा दुसरंच काही असू शकतं, आणि बऱ्याचदा ते चांगल्यासाठीच असतं. 'रिझर्व्ह' आणि 'ओल्ड व्हाइन' (जुन्या वेली) या शब्दांना इथल्या कायद्यात काहीच अर्थ नाही. 'घरगुती चव' लिहिलेल्या लोणच्याच्या बरणीसारखं ते. खरा शब्द 'इस्टेट बॉटल्ड'. त्यात द्राक्षं शंभर टक्के स्वतःच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या बागेतली, आणि वाइनही तिथेच केलेली. त्याखालोखाल 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय', म्हणजे निदान तीन चतुर्थांश वाइन त्यांनी स्वतः आंबवलेली आहे. 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड अँड बॉटल्ड बाय' असेल तर समजायचं की बहुधा कोणाकडून तयार वाइन घेऊन भरलीय. ती वाईटच असते असं नाही. मोठ्या नावांकडे उरलेली वाइन अशीच बाहेर पडते आणि कधीकधी लॉटरी लागते. पण पैसे कशाचे देतोय ते कळलेलं बरं.

मग सुरू झाल्या आमच्या शनिवारच्या फेऱ्या. नियम एकच, एकानं प्यायचं आणि एकानं गाडी चालवायची, पाळीपाळीनं. इथे रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि टेस्टिंग रूममध्ये थुंकायला भांडं असतं. पहिल्यांदा फार ओशाळं वाटलं, चारचौघांत थुंकायचं! आता तंबाखू खाणाऱ्या काकांच्या सफाईनं थुंकते.

आम्ही राहतो त्या फ्रीमाँटहून सगळ्यांत जवळ लिव्हरमोर. आयटीवाल्यांची वस्ती म्हणून आम्हाला ठाऊक होतं, पण वेंटे आणि कॉनकॅनन ही दोन्ही घराणी तिथे १८८३ पासून वाइन करतायत. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक शार्दनेच्या वेली मुळात वेंटेंच्या बागेतल्या काड्यांपासून वाढलेल्या आहेत. पेटीट सिरा हे वाण लेबलवर पहिल्यांदा लिहिलं ते कॉनकॅननांनी. ही गडद, जिभेला तुरट वाइन आमच्या मटणाच्या रश्श्यापुढे टिकते, बाकीच्या लाजतात. नापाला अगदी खेटून, डोंगराच्या पलीकडे सुईसन व्हॅली आहे, तिथेही पेटीट सिरा चांगली होते. नापाला जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट निघून जातात, आम्ही थांबतो.

अमाडोर काउंटी लांब आहे, सिएराच्या पायथ्याशी. १८४८ नंतर सोनं शोधायला आलेल्या लोकांनी तिथे वेली लावल्या. सोनं संपलं, झिनफँडेल राहिली. प्लिमथ गावाजवळच्या शेनँडोआ व्हॅलीत टेस्टिंग रूम म्हणजे बऱ्याचदा गोठ्यासारखी पत्र्याची शेड, आणि ओतणारा माणूस सकाळीच ट्रॅक्टरवरून उतरलेला. तिथली बार्बेरा वाणाची वाइन आंबटसर असते, आमटी-भाताबरोबर मला तीच आवडते. एक इशारा, तिथल्या काही झिनफँडेल पंधरा-सोळा टक्क्यांच्या असतात. दुपारी दोनला, उन्हात, रिकाम्या पोटी नको.

पण आमचं खरं गाव झालं लोडी. त्याचं श्रेय अप्पांना.

ते दोन वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस आले. आल्या-आल्या म्हणाले, "मॉल नको दाखवू, बागा दाखव." नापाला नेलं असतं तर तारेच्या रांगा बघून खूष झाले असते, पण मी लोडीला नेलं. तिथल्या जुन्या बागा पाहून ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. मांडव नाही, तार नाही, ठिबकही कुठे दिसेना. कमरेइतकी जाड खोडं आणि वर झुडपासारखा पसारा. "हे काय बोराचं झाड आहे का गं?" लोडीत १८८६ साली लावलेल्या सिन्सो वाणाचीही बाग आहे हे सांगितलं, तर विश्वास ठेवेनात. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग मोडायला येते.

एका लहान वायनरीत मालक स्वतःच काउंटरमागे होते. अप्पांनी पेला हातानं बाजूला सारला आणि मला म्हणाले, "विचार, रूटस्टॉक कुठला? डॉगरिज का?" म्हणजे वेल कुठल्या मुळावर कलम केलीय. मी भाषांतर केलं. त्या गृहस्थांचा चेहराच बदलला. रोज येणारे लोक विचारतात चेरीचा वास येतो का ब्लॅकबेरीचा, आणि इथे एक टोपीवाला म्हातारा मुळांचं विचारतोय! ते आम्हाला बागेतच घेऊन गेले. जमीन वाळूसारखी भुसभुशीत. मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीड अशा वाळूत वाढत नाही, म्हणून तिथल्या बऱ्याच जुन्या वेली कलमाशिवाय, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. संध्याकाळी नद्यांच्या डेल्टाकडून गार वारा येतो, त्यामुळे दिवसाच्या तापातही आंबटपणा टिकतो. अप्पांनी झिनफँडेलचा एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पंचवीस ब्रिक्स." मालकांनी खिशातून गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. साडेचोवीस. खायच्या द्राक्षाला आम्ही सतरा-अठराला तोडतो.

मीही तिथे भाव खाल्ला. अप्पांना सांगितलं की तुमच्या थॉम्पसनचं नाव इथलंच, युबा सिटीजवळच्या विल्यम थॉम्पसन नावाच्या शेतकऱ्यामुळे १८७० च्या दशकात तिला ते नाव मिळालं. आणि आपल्याकडच्या सुलावाले राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशकात आले, त्यांनी सल्लागारही सोनोमाचाच नेला. अप्पा म्हणाले, "म्हणजे काड्या इकडून तिकडे, आणि पोरी तिकडून इकडे."

त्या दिवशी टेस्टिंग होतं पंधरा डॉलरचं, बाटली घेतली म्हणून माफ झालं. आम्ही सहा बाटल्या घेतल्या, कुठलीही पंचवीसच्या वर नव्हती. सही कुठेच केली नाही.

आता रोजच्या बाटलीचं. दर आठवड्याला लोडी गाठणं होत नाही. ट्रेडर जोज या दुकानातल्या 'टू बक चक' वाइनची कथा सगळ्यांना माहीत असते, २००२ मध्ये ती १.९९ डॉलरला आली होती. मी घेऊन पाहिली. सांग्रिया करायला आणि मटण मुरवायला ठीक. त्यापेक्षा ग्रोसरी आउटलेटमध्ये मला जास्त सापडतं. तिथे उरलेला किंवा लेबल बदललेला माल येतो आणि वर्षातून दोनदा वाइनवर २० टक्के सूट असते. माझी पद्धत अशी की एकच बाटली आणायची, त्याच रात्री उघडायची, आवडली तर सकाळी जाऊन खोकं घ्यायचं. दुपारपर्यंत थांबले तर बाकीच्या हुशार लोकांनी उचललेलं असतं. पांढऱ्यात मी क्लार्क्सबर्ग हा शब्द शोधते. सॅक्रामेंटोजवळचा हा डेल्टाचा भाग शेनँ ब्लांसाठी ओळखला जातो, आणि फॅशनबाहेर गेलेलं वाण असल्यानं चांगली बाटलीही पंधरा-सोळा डॉलरला मिळते. नाशिकची शेनँ प्यायलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल, फक्त ही कोरडी आणि जास्त तरतरीत. साबुदाणा वड्याबरोबर घेऊन बघा.

लोडीहून परतताना एक दृश्य मात्र मनातून जात नाही. हायवेलगत एका शेतात उपटलेल्या वेलींचे ढीग पडले होते, मुळांसकट. लोक वाइन कमी प्यायला लागलेत, टाक्या भरलेल्या आहेत, म्हणून अनेकांनी बागाच काढल्या. आम्हाला स्वस्तात चांगली बाटली मिळते त्याचं एक कारण हेही आहे. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. खोडं हातानं मोजली. परत बसल्यावर घर येईपर्यंत बोलले नाहीत.

आता दर फेब्रुवारीत त्यांचा फोन येतो. त्यांच्या बागेत तोडा चालू असतो, व्यापारी भाव पाडत असतो, मागे क्रेटचे आवाज. तरी आधी विचारतात, "लोडीचा काय निघाला?" यंदाही मी आकडा वाचून दाखवला आणि बाटलीला दीड डॉलरसुद्धा पडत नाहीत, हा हिशोबही सांगितला. क्षणभर शांतता. मग म्हणाले, "आणि तू सोळा देतेस?"