वारंवार मुरगळणारा घोटा आणि सोनोग्राफी

सड्यावरच्या मुरमाड मैदानात फुटबॉल किंवा कबड्डी खेळणाऱ्या पोरांचे पाय मुरगळणारच. लेप लावतात, चार दिवस बसतात, परत मैदानात. पण साध्या पायवाटेवरही घोटा वळायला लागला, तर सोनोग्राफी करावी. मात्र पाय नुसता टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोवर निदान करू नये. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, हलवून बघायचं असतं.

प्रोब (कातडीवर टेकवायचा भाग) लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, १२ मेगाहर्ट्झच्या पुढचा. जेल भरपूर, दाब हलका. सगळ्यात आधी घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट, म्हणजे एटीएफएल. मुरगळल्यावर बहुतेक वेळा हेच तुटतं. पाऊल खाली आणि किंचित आत वळवायचं. प्रोबचं एक टोक फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) पुढच्या कडेवर, दुसरं टॅलसवर (नडगीखालच्या घोट्याच्या हाडावर), आणि प्रोब तळव्याला जवळपास समांतर. साधारण २ मिलिमीटर जाडीची, सरळ ताणलेली, रेषारेषांची पट्टी दिसली की ठीक. जुन्या दुखापतीत ती जाड, लोंबती, नागमोडी दिसते, क्वचित सापडतच नाही.

इथे दोन घोटाळे होतात. प्रोब जरा तिरका झाला की चांगलं लिगामेंटही काळं दिसतं आणि फाटल्याचा रिपोर्ट जातो. म्हणून प्रोब थोडा डोलवून पाहायचा. दुसरं, प्रोब वर सरकला तर टिबिया (नडगीचं हाड) आणि फिब्युलामधलं लिगामेंट एटीएफएल म्हणून मोजलं जातं. पलीकडचं हाड टॅलसच आहे ना, हे आधी बघा.

मग प्रोब न हलवता टाच पुढे ओढायची. टॅलस किती सरकतो आणि पट्टी ताणली जाते की ढिलीच राहते, ते दुसऱ्या पायाशी ताडून पाहायचं. ताज्या दुखापतीत पोरगं पाय आवळून धरतं, ढिलेपणा लपतो; ४-५ दिवसांनी परत तपासा.

सीएफएलसाठी, म्हणजे फिब्युलापासून टाचेच्या हाडापर्यंतच्या लिगामेंटसाठी, पाऊल वर ओढायचं. लिगामेंट शाबूत असेल तर ते ताणलं जातं आणि त्यावरच्या पेरोनियल शिरा (रक्ताच्या नव्हे, घोट्याच्या बाहेरून जाणारे स्नायूंचे दोर, टेंडन) प्रोबकडे उचलल्या जातात. त्या तशाच पडून राहिल्या तर संशय घ्या. त्याच वेळी पाऊल गोल फिरवायला सांगून त्या शिरा फिब्युलावरून घसरतात का, तेही बघून घ्या.

वाढत्या वयात लिगामेंट तुटण्याऐवजी हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा निघू शकतो. कूर्चेचा तुकडा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. फिब्युलाची वाढरेषा (हाड जिथून वाढतं ती फट) मात्र फ्रॅक्चर समजू नका.

टॅलसच्या वरची कूर्चा सोनोग्राफीत पूर्ण दिसत नाही. आत खोल दुखत असेल, घोटा अडकत असेल तर एमआरआयच. लिगामेंट चांगलं असूनही घोटा वळत असेल तर एका पायावरचा तोल आणि पेरोनियलची ताकद तपासा, तो दोष पडद्यावर उमटत नाही.

आणि मशीन मैदानावर आणा म्हणून कोणाला गळ घालू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, घोट्यासाठी वापरलं तरी. सेंटरला जाताना दोन्ही पाय तपासायचे असं आधीच सांगून वेळ घ्या.