माँ ब्लाँच्या वाटेवरचा नमुना 'ड'

फ्रान्सच्या व्हिसासाठी जमवलेल्या कागदांत लग्नाचा दाखला हा एकच कागद असा निघाला की त्याच्यापायी आमचा सगळा बेत बुडायची वेळ आली. माझा राग अजून गेलेला नाही. पण आपल्या भागातली बरीच जोडपी आता बाहेरच्या ट्रेकला निघतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून आठवेल तसं लिहिते.

हे शिरोलीला फाउंड्रीत नोकरीला, मी घरी चित्रकलेचे वर्ग घेते. दोघांनाही चालायचं वेड. पावसात पन्हाळा ते पावनखिंड, थंडीत रांगणा, आणि कुठंच जायला जमलं नाही तर रविवारी मसाई पठार. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकत्र कुठं गेलो असू तर ते दाजीपूरच्या जंगलात, गवे बघायला. तेव्हापासून ठरलं होतं की एकदा आल्प्समधली माँ ब्लाँची प्रदक्षिणा करायची. 4,800 मीटरहून उंच असलेल्या त्या पर्वताला वळसा घालणारी ही वाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. अंतर साधारण 170 किलोमीटर, आणि रोजच्या चढांची बेरीज केली तर 10,000 मीटरच्या आसपास. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हंगाम असतो. जुलैच्या सुरुवातीपर्यंत खिंडींत बर्फ राहू शकतो, म्हणून आम्ही हंगामाचा शेवट धरला.

तिन्ही देश शेंगेन या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच भरल्या तर जिथून आत शिरणार तो देश. विमान जिनिव्हाला उतरतं म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडेच, असं आम्हाला ओळखीतल्या काही जणांनी ठासून सांगितलं. ते चुकीचं आहे. शामोनी, ले कॉन्तामीन, ले शापियू, परत येताना त्रे-ल-शाँ, अशा आमच्या सगळ्यात जास्त रात्री फ्रान्समध्ये होत्या. कुठल्या तारखेला कुठल्या गावात मुक्काम, तो कुठल्या देशात, असा एक पानी तक्ता करून तो अर्जावर सगळ्यात वर ठेवला. प्रश्नच आला नाही.

फॉर्म, फोटो, विमा, विमानाचं आरक्षण, यांच्या कंपनीचं रजेचं पत्र, बँकेचे उतारे, हे सगळं आठवड्याभरात हातात होतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते इथं. माझं उत्पन्न कागदावर फारसं दिसत नाही, म्हणून माझा खर्च हे करणार असं पत्र जोडायचं होतं. पत्रासोबत नात्याचा पुरावा म्हणजे लग्नाचा दाखला. माझ्या पासपोर्टवर पती म्हणून यांचं नाव आहे, पण कागदांच्या यादीत दाखला असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आमचं लग्न माझ्या माहेरी, भुदरगड तालुक्यातल्या एका लहान गावात, दारात मांडव घालून झालं. आमच्या पिढीत गावाकडं लग्नाची नोंद कोण करत होतं? जेवणावळी उठल्या, वरात निघाली, झालं लग्न.

कायदा मात्र तेव्हाही होता. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी अधिनियमाप्रमाणे लग्नाची नोंद करायची असते, आणि खेडेगावात ते काम ग्रामसेवकाकडे असतं (2024 पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). मुदत 90 दिवसांची, नंतर उशिराचं शुल्क भरून नोंद होते. अर्ज म्हणजे नमुना 'ड', त्याला 100 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मिळतो तो दाखला म्हणजे नमुना 'ई'. नमुना 'ड' वर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित एवढ्यांच्या सह्या लागतात. सोबत सगळ्यांची ओळखपत्रं, वयाचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो.

पत्रिका आईच्या ट्रंकेत सापडली. साक्षीदार म्हणून काका, मामा आणि मोठा भाऊ. मामा इचलकरंजीला मागावर, त्यांना सुट्टी शुक्रवारी. आणि भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, त्यांच्याकडं शेजारच्या दोन गावांचाही कारभार. शुक्रवारी ते आमच्या गावात नसत. जेव्हा असत तेव्हा पंचायत समितीत मीटिंग. आम्ही कोल्हापुरातून भल्या सकाळी निघायचं, काकांना शेतातून बोलवायचं, मामांनी खाडा करून यायचं, आणि शिपाई खुर्ची पुढं करत म्हणणार, "ताई, साहेब आत्ताच गेलं बघा." संगणकावर बसणारा पोरगा चांगला होता, पण सहीचा अधिकार त्याला नाही.

मग निघाला गुरुजींचा मुद्दा. लग्न लावणारे गुरुजी आता थकले आहेत, मुलाकडं नरसोबाच्या वाडीला असतात. भुदरगड एका टोकाला, वाडी दुसऱ्या. आम्ही फॉर्म घेऊन वाडीला गेलो. गुरुजींनी मला लगेच ओळखलं, माझ्या वडिलांची चौकशी केली, लग्नात अक्षता पडायच्या वेळी पाऊस आला होता तेही त्यांना आठवत होतं. थरथरत्या हातानं त्यांनी सही केली, आधारची झेरॉक्स दिली. दत्ताचं दर्शन घेऊन आम्ही समाधानानं परतलो.

आणि भाऊसाहेब अखेर भेटले तेव्हा म्हणाले, "पुरोहितांना समक्ष आणा. सही त्यांचीच कशावरून?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही. ऐंशीच्या पुढचा माणूस, गुडघे धरलेले, त्याला गाडीत घालून त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं आणायचं? हे मला हळूच म्हणाले, "अगं, जाऊ दे, गुरुजींना विचारू या, येतील ते." आले असते. पण मला ते मान्यच होईना. नमुन्यात पुरोहिताचं नाव, पत्ता, वय आणि सही मागितली आहे. हजेरी कुठं मागितली आहे ते दाखवा, असं मी विचारलं. दाखवता आलं नाही. "आमच्याकडं पद्धत आहे," एवढंच उत्तर.

पुढं फेऱ्याच फेऱ्या. एकदा म्हणाले फोटोत दोघांचे चेहरे नीट दिसत नाहीत. आमच्या सगळ्या फोटोंत मुंडावळ्या आहेत, लग्नातच काढलेले फोटो आहेत ते. एकदा म्हणाले साक्षीदार माहेरचेच का. एकदा रजिस्टर संपलं होतं. प्रत्येक वेळी तोंडी सांगायचं आणि फॉर्म परत हातात द्यायचा. कागदावर काहीच उमटत नव्हतं, आणि तिकडं आल्प्समधल्या ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या घरांना, त्यांना तिथं रफ्यूज म्हणतात, आम्ही आगाऊ पैसे भरून बसलो होतो. व्हिसाच्या अर्जासाठी ठरलेली वेळ जवळ येत होती. रात्री झोप लागत नव्हती.

वाट फुटली ती माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईमुळं. त्या जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. त्यांनी एकच विचारलं, "पोच घेतली का?" घेतली नव्हती, कारण अर्ज कुणी ठेवूनच घेत नव्हतं. मग त्यांनी समजावलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा. विवाह नोंदणीचा दाखला त्यात ग्रामपंचायतीच्या सेवांमध्ये येतो. अर्ज घेतला की पोच द्यावी लागते. मुदतीत दाखला द्यायचा, नाही तर नाकारण्याचं कारण लेखी द्यायचं. दोन्ही नाही झालं तर वरिष्ठाकडं अपील, आमच्या बाबतीत तालुक्याला, गारगोटीच्या पंचायत समितीत. अपिलाला 30 दिवसांची मुदत. कुठली सेवा किती दिवसांत आणि अपील कुणाकडं, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा.

त्या रात्री मी एक साधा अर्ज लिहिला. कुणावर आरोप नाही, तक्रार नाही. अमुक तारखेला झालेल्या आमच्या विवाहाची नोंद व्हावी, सोबत पुढील कागद जोडले आहेत, आणि खाली प्रत्येक कागदाचा उल्लेख. शेवटी एक ओळ: कागदपत्रांत काही उणीव असल्यास कृपया लेखी कळवावे. दोन प्रती काढल्या. पुन्हा सगळे जमलो. मी भाऊसाहेबांना म्हटलं, "दाखला आज नको. तुमच्या सवडीनं द्या. मला फक्त या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का द्या. गुरुजींना आणायलाच हवं असं असेल तर तेवढं खाली लिहून सही करा, मी आणते."

ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. "काय घाईय एवढी ताई, करतो की," म्हणाले. मी बसून राहिले. काका माझ्या शेजारी काठी टेकून बसले. चहा आला, तो घेतला. शिक्का मिळाला, आवक क्रमांक मिळाला. गुरुजींबद्दल त्यांनी काहीही लिहून दिलं नाही.

मुदत टळायच्या आधीच संगणकावरच्या त्या पोराचा फोन आला: दाखला तयार आहे. गारगोटीला अपिलाला जायची वेळच आली नाही. दाखला हातात घेतला तेव्हा यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला आपण काहीतरी गड सर केल्यासारखं वाटलं. अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. गुरुजींना त्रास न देता काम झालं, याचा सगळ्यात जास्त.

म्हणून कुठल्याही कार्यालयात तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. दोन प्रती न्या, पोच घ्या.

आमचा दाखला मराठीत होता. व्हिसासाठी इंग्रजी किंवा फ्रेंच लागतं, म्हणून कसबा बावड्याला न्यायसंकुलाच्या बाहेर भाषांतर करून नोटरी करून घेतलं. हे काम अर्ध्या दिवसाचं, पण नावांची स्पेलिंगं पासपोर्टप्रमाणेच आहेत ना, ते तिथं उभं राहूनच तपासा.

विम्याचं सांगायचं राहिलं. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते बहुतेक प्रवासी पॉलिसींत मिळतं. पण पुष्कळ पॉलिसींत ट्रेकिंग आणि डोंगरातून हेलिकॉप्टरनं सोडवणं वगळलेलं असतं. त्या कलमावर बोट ठेवून विचारा. किती उंचीपर्यंत चालतं तेही विचारा. या वाटेवरच्या सगळ्यात उंच खिंडी 2,665 मीटरवर आहेत, त्यामुळे अडचण यायचं कारण नाही, पण लेखी असू द्या.

रफ्यूज आधी, व्हिसा नंतर. सोयीच्या ठिकाणांचं आरक्षण आदल्या हिवाळ्यातच भरायला लागतं, आणि व्हिसाला प्रत्येक रात्रीचा पुरावा हवा असतो. आरक्षणाच्या ईमेलमध्ये दोघांचीही नावं घालून मागा. काही ठिकाणी फक्त एकाच्या नावानं उत्तर आलं होतं, मी परत लिहून दुसरं नाव घालून घेतलं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण निर्णयाला कधी कधी 45 दिवसही लागू शकतात, तेव्हा शेवटाची वाट बघू नका. जून 2024 पासून शुल्क 90 युरो आहे. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं.

बुटांबद्दल आमचं मत पक्कं आहे. नवे बूट घेऊन थेट तिकडं जाऊ नये. आम्ही जुलैत पावनखिंडीच्या वाटेवर चिखलात ते वापरले, गगनबावड्याच्या पावसात भिजवले. कोल दे ला सेन्य चढून इटलीत उतरताना गारांचा पाऊस आला तेव्हा पाय कोरडे होते. ही खिंड 2,516 मीटरवर आहे आणि सरहद्द म्हणजे तिथं एक दगडांचा ढीग. पुढं ग्रँ कोल फेरे, 2,537 मीटर, तिथून उतरलं की स्वित्झर्लंड. तिथं फ्रँक चालतात, युरो घेतलेच तर दर वाईट पडतो, म्हणून थोडे फ्रँक वेगळे ठेवा. रफ्यूजमध्ये एका खोलीत बरीच माणसं झोपतात, पांघरूण ते देतात पण आत शिरून झोपायची चादरीची पिशवी आपली लागते. यांनी ती घरीच, जुन्या सुती चादरीची, शिवून घेतली होती. वजन कमी आणि फुकट.

मिरची-लसणीची कोरडी चटणी मात्र न्याच. रोज संध्याकाळी तिथलं सूप आणि चीज खाऊन जीभ मरते. ला फुलीला आमच्या टेबलावरच्या एका इटालियन जोडप्यानं ती चटणी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शांपेच्या वाटेवर आम्हाला गाठून डबी पुन्हा मागितली.

येत्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचं लग्न आहे, त्याच गावात, त्याच दारात. नमुना 'ड' मी आत्ताच छापून आणलाय, कोर्ट फी स्टॅम्पही घेतलाय. साक्षीदार ठरवून टाकलेत. अक्षता पडल्या की गुरुजी जेवायला बसायच्या आधी त्यांची सही घ्यायची, असं मी भावाला सांगून ठेवलंय, आणि तो विसरला तर पेन माझ्या पर्समध्ये आहे.