युगांडात स्वयंसेवेला जाताना

ठाण्याहून वर्षभरासाठी निघताना पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, परतताना मुंबई विमानतळावरही दाखवावं लागतं. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्या.

खरी काळजी ओल्या कपड्यांची! बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर मँगो फ्लाय ही माशी अंडी घालते. अळी कातडीत शिरते, गळवासारखी गाठ येते. म्हणून चड्डी-बनियनसुद्धा, शिवणी आणि इलॅस्टिकपाशी दाबून, कडक इस्त्री करा. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री वापरा. इस्त्रीचा कंटाळा असेल तर कपडे घरातच वाळवा.

ज्वारीचं पीठ सोबत वाहू नका, मक्याचं तिथे सहज मिळतं. मात्र उकड काढूनच मळा, नाहीतर भाकरी थापताना कडा चिरतात.