पुस्तकं बाद करायची म्हणजे नेमकी कुठं पाठवायची?

लायब्ररीतली पुस्तकं बाद करायचा विषय काढला की आमच्या स्टाफरूममध्ये असे चेहरे होतात जणू मी सरस्वतीलाच घराबाहेर काढायला निघालेय. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, आर्ट्स-कॉमर्स कॉलेज, सांगलीकडचं. रॅक कधीच भरलेत, रॅकच्या डोक्यावर गठ्ठे, जिन्याखाली बुक बँकेची पोती. त्यात २०२४-२५ पासून एनईपीचा, म्हणजे नव्या शिक्षण धोरणाचा, सिलॅबस आला आणि आधीच्या पॅटर्नची टेक्स्टबुकं एका फटक्यात बिनकामाची झाली, तीही एकेकाच्या ढीगभर कॉपी. तरी कोणी हात लावायला तयार नसतं, कारण एक तर कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फॉर्मात पुस्तकांचा आकडा लिहायचा असतो आणि तो कमी झालेला कोणाला नको असतो, आणि दुसरं म्हणजे पुस्तक हा डेड स्टॉक, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेत नोंदलेली वस्तू, उद्या ऑडिटला कोणी विचारलं तर भरपाई ग्रंथपालाच्या पगारातून जाईल ही धास्ती.

बरं, बाद करायचं म्हणजे काय काय होतं बघा. विक्रीकराची पुस्तकं, व्हॅटची पुस्तकं, जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तरी ही आपली रॅकवर ठाण मांडून. कंपनी कायदा १९५६, जो २०१३ च्या कायद्यानं मागे पडला. आयपीसीच्या सटीक आवृत्त्या, त्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. फॉक्सप्रो, विंडोज ९८ असल्या जुन्या कॉम्प्युटरची पुस्तकं, मागे पाकिटात सीडी चिकटवलेली आणि ती चालवायला कॉलेजात एकही मशीन नाही. एफवायच्या पोरानं यातलं एखादं खरं मानून परीक्षेत लिहिलं तर मार्क जाणार त्याचे. म्हणजे ही पुस्तकं नुसती पडून नाहीत, चुकीचं शिकवत उभी आहेत.

याद्या झाल्या, ग्रंथालय समितीत ठेवल्या, तिथून महाविद्यालय विकास समितीत गेल्या, आणि तिथं एका सरांनी सुचवलं की रद्दीत कशाला, एखाद्या खेड्यातल्या वाचनालयाला दान देऊ, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहेच, फोटो होतील, पेपरात येईल. टाळ्याच पडल्या. मी म्हटलं, देऊ, पण घेणाऱ्याला आधी बघू दे.

म्हणून नदीकाठच्या एका गावातल्या वाचनालयाचे काका आले. ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय, अनुदान तुटपुंजं, हेच ग्रंथपाल, हेच झाडू मारणारे. टेम्पो घेऊन आलेले, बिचारे. आमच्या मामांनी, म्हणजे लायब्ररीच्या शिपायांनी, खोकी उघडून मांडली. काका खाली बसले आणि एकेक पुस्तक उघडून बघायला लागले, आधी साल, मग मागची तारखेची चिठ्ठी, मग बाजूला. असं बराच वेळ. कॉस्ट अकाउंटिंगच्या एकसारख्या कॉपी निघायला लागल्यावर थांबले.

"मॅडम, राग मानू नका, पण हे आमी कुणाला वाचायला द्यायचं?"

मग म्हणाले, २०१९ च्या पुरात आमचं कपाट गेलं, नंतर मदत म्हणून लोकांनी पोतीच्या पोती पाठवली, दहावीची जुनी गाइडं, पानं फाटलेले डायजेस्ट, इन्कमटॅक्सची पुस्तकं. ते सगळं टाकायला टेम्पोचं भाडं आमीच भरलं. देणाऱ्यांचे फोटो झाले, हमाली आमची. हे बोलताना आवाज अजिबात चढलेला नव्हता, पण टाळ्या वाजवणारे सर तिथंच उभे होते आणि त्यांनी मोबाईल काढला.

काकांनी काय नेलं तर कादंबऱ्यांच्या जादा कॉपी, चरित्रं, शेतीवरची थोडी, आणि बालवाङ्मय आहे का विचारलं, ते आमच्याकडं कुठलं असणार. एका खोक्यात मावलं सगळं. टेम्पो जवळपास रिकामाच गेला, भाडं यावेळी मी कॉलेजकडून द्यायला लावलं, त्यासाठी व्हाउचरवर तीन सह्या.

पण काकांच्या त्या एकेक उघडून बघण्यानं अजून एक गोष्ट झाली. त्यांनी एक जाडजूड राज्यशास्त्राचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं, "हे पण रद्दीत?" बघते तर महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ, नागपूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सत्तरच्या दशकात मराठीतून पदवीचं शिक्षण देता यावं म्हणून या मंडळानं प्राध्यापकांकडून विषयवार पुस्तकं लिहून घेतली होती. आज ती दुकानात मिळत नाहीत. आमच्या यादीत हे आलं कारण नियम लावला होता की दहा वर्षांत इश्यू नाही ते बाद, आणि चिठ्ठीवर तर १९९१ नंतर शिक्काच नाही. कॉम्प्युटरला ते आणि फॉक्सप्रो सारखंच. मग अख्खी यादी मामा आणि मी परत हातानं चाळली. मंडळाची अजून काही सापडली, कॉलेजच्या वार्षिक अंकांचे बांधीव खंड सापडले, जुन्या गॅझेटियरचा एक भाग. ती कपाट लावून वेगळी केली, इश्यू बंद, तिथंच बसून वाचायची.

उरलं ते रद्दीत, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण रद्दीलाही रीत आहे. प्रत्येकावर 'बाद' चा शिक्का, दाखल रजिस्टरमध्ये लाल शाईनं ठराव नंबर, कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये विथड्रॉन. हे नाही केलं की पुस्तक कुठंतरी फुटपाथवर विकायला येतं आणि कोणीतरी आपल्या कॉलेजचा शिक्का बघून चोरीचं म्हणून परत आणून देतं, झालंय असं आमच्याकडं. रद्दीवाला म्हणाला ताई, पुठ्ठे तुमीच काढून द्या, पुठ्ठ्याचा भाव वेगळा, पांढऱ्या कागदाचा वेगळा, आणि ते रेक्झिन, प्लॅस्टिकचं कव्हर, मिलवाले घेत नाहीत. मग काय, मामा, मी आणि कमवा-शिकाची दोन पोरं कटर घेऊन बसलो. सीडी वेगळ्या, रेक्झिन वेगळं. जुन्या इश्यू रजिस्टरात पोरांचे पत्ते-फोन होते, ती मशीनला घालून बारीक केली.

आणि ते ऑडिटचं भूत म्हणाल तर केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये नियम २१५ वाचून बघा. वर्षाला इश्यू केलेल्या किंवा वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागं ५ हरवली तर ते वाजवी धरतात, फक्त लबाडी किंवा हलगर्जी नको आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर चौकशी. आमच्यासारख्या कॉलेजांना तो थेट बांधील नाही, पण मीटिंगमध्ये वाचून दाखवला की लोक जरा शांत होतात.

रद्दीचे पैसे कॉलेजच्या खात्यात गेले, पावती फाइलला आहे. त्यातून त्या काकांच्या वाचनालयाला बालवाङ्मय घेऊन देऊ म्हटलं, तर अकाउंट सेक्शन म्हणतं रक्कम 'इतर जमा' मध्ये गेलीय, तिथून अशी काढता येत नाही. अर्ज दिलाय, समितीच्या पुढच्या मीटिंगला येईल.